‘चाळीस कागद’वाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, अनुदान वाटपावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘तीस हजारांसाठी चाळीस कागद मागता. हप्ता येतो तोवर माणसं ऊसतोडीला निघून गेलेली असतात. तुमचं फाउंडेशन म्हणजे सावकारी, फक्त व्याज तेवढं नाही.’

सावकारी? खानदेशात हा शब्द कोणाला लावतात, हे धडगावात काम करणाऱ्याला मी सांगायचं का? सावकार दिलेलं परत मागतो. आम्ही दिलेल्याचा हिशेब मागतो. टीका जरूर करा, पण चारचौघांत बोलतोय एवढं भान असू द्या.

आता चाळीस कागद. मोजूनच घेऊ. नोंदणी प्रमाणपत्र, शेड्यूल वनचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद), पॅन, १२ए (आयकर खात्याकडची संस्थेची नोंदणी), तीन वर्षांचे ऑडिट, विश्वस्त मंडळाचा ठराव, रद्द केलेला चेक. ऑडिट तीन धरले तरी नऊ होतात.

घोडं अडतं ते बहुतेक वेळा शेड्यूल वनवर. अध्यक्ष वारले, नवे आले, ठराव झाला, बँकेतल्या सह्याही बदलल्या. पण धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल कोणी दिलाच नाही. कायद्याने तो ९० दिवसांत द्यायचा असतो. उताऱ्यावर अजून वारलेल्या माणसाचंच नाव. मग करारावर सही कोणाची घ्यायची? उद्या विश्वस्तांत दोन तट पडले की दुसरा तट म्हणणार, सही करणाऱ्याला अधिकारच नव्हता. बँक खातं गोठवते आणि अनुदानावर चाललेला पोरांचा आहार मधेच बंद पडतो. अहवाल मंजूर व्हायला किती काळ लागतो ते आम्हालाही ठाऊक आहे, म्हणून मंजुरी मागत नाही. दाखल केल्याची पोच चालते.

१२एचंही तेच. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते आणि सगळे तिसरं वर्ष संपायची वाट बघत बसतात. नियमित नोंदणीचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. काम सुरू झालेल्या संस्थेची वेळ म्हणजे केव्हाच टळून गेलेली असते.

शिवाय २०२३-२४ पासून एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच आयकरात खर्च म्हणून धरतात. लाख दिले की पंधरा हजार आमच्या हिशेबात लोंबकळत राहतात. म्हणून रक्कम लहान असेल तर आम्ही शक्यतो देणगी देतच नाही. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, शिलाई मशीन असं काही हवं असेल तर बिल फाउंडेशनच्या नावाने, पैसे थेट दुकानदाराला. हा आमचा स्वतःचा खर्च, पूर्ण धरला जातो. यात बचत गटाकडे १२ए नसलं तरी अडत नाही. कोटेशन, वस्तू मिळाल्याची पोच आणि फोटो, बस. मानधन मात्र या वाटेने देता येत नाही. तुमचे तीस हजार कशासाठी होते, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

फाउंडेशनच्या अनुदान समितीवर येण्याआधी मी सातपुड्यातल्याच संस्थांचे हिशेब लिहिलेत. कागदांचा त्रास काय असतो ते मला शिकवू नका.

एक गोष्ट मान्य. अर्ज ऑनलाइनच भरायचा, ही अट अक्कलकुवा-धडगावकडे रेंज नसते तिथे जाचक आहे. हाताने भरलेला अर्ज घ्यावा असं मी बैठकीत सांगेन.

हप्त्याच्या वेळेचं म्हणाल, तर बैठक तिमाहीला होते आणि तारखा सगळ्यांना सारख्याच असतात. त्यावर वेगळं काय बोलणार? पुढचा अर्ज दिवाळीच्या बराच आधी पाठवा. आणि पाठवण्याआधी तुमच्या उताऱ्यावर नावं कोणाची आहेत, ते एकदा बघून घ्या.