डावी पाकळी पडली म्हणून

आज सोमवार, म्हणून सकाळीच फोंड्याला आमच्या कुलदेवीच्या देवळात गेले होते. परत आल्यापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

माझ्यापुढे एक कुटुंब कौल लावायला बसलं होतं. मुलाच्या व्हिसाचं काम होतं. भटमामांनी गाऱ्हाणं घातलं, ओल्या पाकळ्या देवीला लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. थोड्या वेळानं डावी पाकळी पडली. कर्ता पुरुष म्हणाला, "परत लावा." परत लावल्या, परत डावीच. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा भटमामांनी नुसते हात जोडले. तर हा गाभाऱ्यासमोर उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "वीस वर्षं अभिषेक करतोय, त्याचं हे फळ? यंदा जत्रेला येतो का बघू."

येतो का बघू! कुणाला धमकी देतोस रे बाबा? उत्तर घरून ठरवूनच आला होतास, तर त्या माऊलीला विचारायला कशाला बसलास? उजवी पडली की देवी जागृत, डावी पडली की वीस वर्षांचा अभिषेक पाण्यात?

तिथंच काहीतरी बोलणार होते. बोलले नाही, कारण तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा होता. चेहरा नव्हे, बोलणं. हेच बोलणं मी एकदा बोलले आहे.

२००९ चा पावसाळा. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर मी आणि आई बसलेलो. मी मनातल्या मनात देवीला सांगितलं, बाबा स्वतःच्या पायांनी चालत घरी आले तर तुला चांदीची समई देईन. आंगवणच, म्हणजे नवसच, घेतली. शेजारी आई डोळे मिटून पुटपुटत होती. कान देऊन ऐकलं तर एकच वाक्य, पुन्हा पुन्हा: "म्हाका कळना, तुका कळटा." मला कळत नाही, तुला कळतं. मला इतका राग आला! म्हटलं, आई, अगं माग ना काहीतरी नीट! तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

बाबा घरी आले, पण व्हीलचेअरवर. उजवा हात, उजवा पाय गेलेला, बोलणं अर्धं. मी समई दिली नाही. चालत आले नाहीत ना, मग कसली समई? असा माझा हिशेब. आज त्या माणसाचं बोलणं ऐकताना हे आठवलं आणि पोटात खड्डा पडला.

आता कुणीतरी म्हणेल, आंगवण ही आपली रीतच आहे, आणि गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त आणि अर्थार्थी, म्हणजे संकटात धावा करणाऱ्या आणि काही मागणाऱ्या, भक्तांनाही उदारच म्हटलंय. हो, म्हटलंय. मागा की! आजारपणात, अडचणीत देवाकडे नाही मागायचं तर कुणाकडे? पण 'अमुक दिलंस तरच तू माझा' हे कुठल्या भक्तीत बसतं?

मंगेशीची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. वाघ समोर आला, पार्वती घाबरली आणि तिच्या तोंडून निघालं, 'त्राहि मां गिरीश'. मला राख, एवढंच. वाघाला मार, असं ती म्हणाली नाही. आणि वाघ कोण होता? स्वतः शंकर! तिनं राखण्याची रीतही ठरवून दिली असती तर काय मागून बसली असती, याचा मी आज बसमध्ये विचार करत होते.

आणि आपले पूर्वज? पोर्तुगीज देवळं पाडत होते, तेव्हा १५६० साली त्यांनी कुशस्थळीहून मंगेश प्रियोळला आणला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. गाव सुटलं, देवळं पाडली गेली. माझं देऊळ राखलं नाहीस तर तुझा माझा संबंध संपला, असं ते देवाला म्हणाले असते तर आज आपण कुठल्या गाभाऱ्यासमोर उभे राहिलो असतो? ते देवाला घेऊन जुवारी नदी ओलांडून आले. आणि आपण एका व्हिसासाठी रुसतो.

जाऊ दे. त्या माणसालाही मुलाची काळजी असेल. सोबत त्याची बायको होती, ती शेवटपर्यंत काहीच बोलली नाही. जाताना उंबऱ्याला हात लावून बराच वेळ वाकून राहिली.

बाबा नंतर सात वर्षं होते. रोज तिन्हीसांजेला आई व्हीलचेअर तुळशीपाशी न्यायची. ती काड्यापेटी धरायची, बाबा डाव्या हातानं काडी ओढायचे. दोन-तीन काड्या मोडायच्या, एखादी पावसाळी हवेनं सर्द निघायची. आईनं कधी त्यांच्या हातातून काडी काढून घेतली नाही. दिवा लागला की बाबा तिच्याकडे बघून हसायचे, अर्ध्या तोंडानं. त्या सात वर्षांत मी त्यांना जितकं ओळखलं तितकं आधीच्या तीस वर्षांत ओळखलं नव्हतं. हे मला मागता आलं नसतं. सुचलंच नसतं.

मघाशी सोनाराला फोन करून चांदीच्या समईचा भाव विचारला. जत्रेच्या आधी देवळात पोचवायची आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. ती तुळशीपाशी वात वळत बसली आहे.