दोन नियामक असले म्हणजे ठेव सुरक्षित होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

लहान बेटांवरच्या बँकांतल्या ठेवी कितपत सुरक्षित असतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. जर्सी या इंग्लिश खाडीतल्या बेटाची ठेव-भरपाई योजना (बँक बुडाल्यास ठेवीदारांना ठरावीक रक्कम देणारी) २००८ची नसून २००९ची, ही दुरुस्ती बरोबर आहे आणि लेखात ती केली आहे. पण "बँकेची पायरी फक्त पासबुक भरायला चढणाऱ्यांनी असे विषय हाताळू नयेत" हे वाक्य कशासाठी? चौदा वर्षं मी बँकेच्या परकीय व्यवहार विभागात काढली. मूळ कंपन्यांची हमीपत्रं, म्हणजे उपकंपनीने पैसे दिले नाहीत तर आम्ही देऊ अशी लेखी वचनं, फायलीला लावणं माझ्याकडे होतं. त्या कागदावर किती वसूल होतं, हे मला शिकवायला नको.

आता बँकांवर देखरेख करणाऱ्या नियामकांबद्दलचं तुमचं ते वाक्य : "बेटांचे नियामक एकमेकांवर विसंबतात, म्हणजे ठेवीदाराला दुहेरी संरक्षण मिळतं." अहो, लक्ष ठेवणारे दोघे असले तरी बँक बुडाल्यावर पैसे कुणी द्यायचे, हे वेगळं ठरवावं लागतं. ऑक्टोबर २००८मध्ये आइसलँडची लँड्सबँकी कोसळली. ब्रिटनमधली आइससेव्ह खाती तिच्या शाखेची होती, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या नियमाप्रमाणे शाखेच्या ठेवींची किमान हमी मायदेशाच्या निधीवर येते. जर्सीशेजारचं गर्न्सी बेट त्या क्षेत्राबाहेर. तिथली लँड्सबँकी ही वेगळी उपकंपनी होती, परवानाही गर्न्सीचाच. त्यामुळे ही सोय तिच्या ठेवीदारांना नव्हती, आणि गर्न्सीची स्वतःची योजना तोवर अस्तित्वातच नव्हती. ५०,००० पौंडांपर्यंतची योजना आली नोव्हेंबरमध्ये, आणि आधी अडकलेल्यांना ती लागू झाली नाही. कुठे गेलं तुमचं दुहेरी संरक्षण?

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आइल ऑफ मॅन या बेटाकडे तर १९९१पासून योजना होती. तिथल्या कॉपथिंग या आइसलँडच्या बँकेच्या उपकंपनीला मूळ बँकेची हमीही होती. हमी देणारी बँक त्याच आठवड्यात बुडाली. उपकंपनीने पैशाचा मोठा हिस्सा लंडनच्या भगिनी बँकेत (त्याच मूळ बँकेच्या दुसऱ्या उपकंपनीत) ठेवला होता, तीही गेली. एका नियामकाने दुसऱ्याच्या देखरेखीवर विसंबण्याचा अर्थ त्या ठेवीदारांना विचारा.

पूर्व कॅरिबियनचं तुमचं उदाहरण इथे लागू नाही. तिथे आठ सदस्य बेटांची मिळून मध्यवर्ती बँकच एक आहे, म्हणजे एकमेकांवर विसंबणारे वेगवेगळे नियामक हा प्रश्नच नाही. करसवलतींबद्दल माझ्या लेखात अवाक्षर नव्हतं, त्यामुळे तुमच्या शेवटच्या दोन परिच्छेदांना उत्तर देत नाही.

हमीपत्रावर बुडालेल्या बँकेकडून वसुली झाल्याचं तुम्ही स्वतः पाहिलं असेल, तर जरूर लिहा. मी छापीन. पासबुकाचा उल्लेख मात्र पुन्हा नको.