इलेक्ट्रिक गाडी घ्याच!

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलंत? उत्तम. जीएसटी अवघा ५ टक्के, धूर नाही, आवाज नाही. फक्त शोरूमला जाण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे चहाला जाऊन या. हिरवी नंबरप्लेट आरटीओ देतं. पार्किंगमध्ये प्लग बसवायची परवानगी देणारं सरकार वेगळं आहे.

तुमचा अर्ज वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' मध्ये येईल. टँकरच्या बिलावरून भांडून दमलेले सभासद तोवर वडापावकडे वळलेले असतात. उरतात ते निवृत्त इंजिनिअर काका. "आपला मंजूर भार किती? लिफ्ट बंद पडली तर जबाबदार कोण?" घरचा चार्जर ३.३ किलोवॉटचा, म्हणजे गीझर आणि इस्त्री एकदम लावल्यासारखाच, असं चुकूनही सांगू नका. पुढच्या सभेत गीझरवर ठराव येईल. तुमची जागा यांत्रिक पार्किंगच्या वरच्या मजल्यावर असेल तर भाग्यवान आहात. तिथवर वायरच पोचत नाही, त्यामुळे परवानगीही नको.

घरच्या मीटरवर चार्जिंग केलंत की युनिटं टुणकन वरच्या स्लॅबमध्ये जातात. त्यासाठी वेगळा मीटर मिळतो की! तो बसतो मीटर-रूममध्ये. मीटर-रूमची किल्ली सेक्रेटरींकडे. ३० युनिटची बॅटरी भरायला नऊएक तास लागतात, तेव्हा रात्रीच लावा. गुरुवारी रजा टाकून दिवसा भरू म्हणाल, तर देखभालीसाठी वीज नेमकी गुरुवारीच जाते.

रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती धावेल याची, चिंता नको. ती प्रमाणित करणारी वाहन-चाचणी संस्था एआरएआय पुण्यात आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, म्हणजे आकडा घरचाच. आता चाचणी रोलरवर होते, तिथे खंबाटकीचा चढ नसतो आणि डिकीत लग्नाचा आहेर नसतो, हे सोडून द्या. कोल्हापूरला जाताना गाडी चढावर जरा जास्त खाते, एवढंच.

साताऱ्याच्या आसपास हॉटेलात फास्ट चार्जर सापडेल. त्याच्यापुढे पेट्रोलची गाडी उभी असेल आणि तिचे मालक 'पाचच मिनिटं' म्हणून मिसळीला बसलेले असतील. त्यांना हाका मारू नका, तुम्हीही मिसळ मागवा. नंबर लागला की ८० टक्क्यांपुढे चार्जिंग मंदावतं. शहाणे तिथेच वायर काढून निघतात. तुम्ही १०० होईपर्यंत बसा. मागच्या रांगेतले लोक आपणहून उतरून तुमच्याशी बोलायला येतील, आणि एरवी पुण्यात असं कोण येतंय?