फांद्या छाटल्या की बगळे तळ्यावर जातात?

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: 'बगळे हे पाणपक्षी, त्यांची जागा तळ्यावर. वाट चुकून वस्तीत येतात आणि विष्ठेनं झाडं मारतात. घरट्यांच्या फांद्या वेळीच छाटा, ते आपोआप तळ्यावर जातील.' यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. तो शेवटी घेऊ.

'जागा तळ्यावर.' चरायला, हो. विणीसाठी पाहिजे ती सुरक्षित जागा, आणि ती पाण्यालगतच असली पाहिजे असं नाही. पिलांसाठी मासे-बेडूक काही किलोमीटरवरून आणणं बगळ्याला जमतं. रात्री झाडावर चढणाऱ्या मांजराला रोखणं जमत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड मिळालं तर उत्तमच. भरतपूरचे चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचे, पाण्यानं वेढलेल्या बाभळींवर घरटी करतात ते यासाठी.

पण 'वाट चुकून' म्हणणाऱ्यांनी कर्नाटकातलं कोक्करे बेल्लूर पाहावं. मंड्या जिल्ह्यातल्या या गावात चित्रबलाक आणि पेलिकन पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या मधोमध असलेल्या झाडांवर वीण घालतात आणि चरायला आसपासच्या तलावांवर, शिंशा नदीवर जातात. २००७ मध्ये गावाला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. शेकडो पक्षी दरवर्षी त्याच झाडांवर वाट चुकतात म्हणायचं का?

आता 'आपोआप'. सगळा घोळ या शब्दात आहे. सारंगागारातला, म्हणजे बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांच्या विणीच्या वसाहतीतला, पक्षी नुसतं झाड पाहत नाही, शेजार पाहतो. तिथे आधीच घरटी आहेत, गेल्या हंगामात पिलं उडाली, म्हणजे जागा भरवशाची. रिकामं तळं कितीही सुंदर असलं तरी ही हमी देत नाही. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाशी कॅस्पियन सुरय या मासेखाऊ पाणपक्ष्यांची वसाहत साल्मनची पिलं फस्त करत होती, म्हणून ती राईस बेटावरून समुद्राजवळच्या ईस्ट सँड बेटावर हलवायचं ठरलं. तिथे त्यांच्यासाठी मोकळी वाळू तयार केली, सुरयांच्या प्रतिकृती मांडल्या, वसाहतीचा कलकलाट ध्वनिक्षेपकावर वाजवला. २००१ पर्यंत सगळी वसाहत तिकडे गेली. आपोआप नव्हे, आमंत्रणानं!

आणि मेसेजमधलं 'वेळीच' म्हणजे नेमकं कधी? आपल्याकडे घरटी दिसतात तेव्हा आत अंडी असतात. ती उबायला तीनेक आठवडे, पिलं नीट उडायला त्यापुढे महिनाभर तरी. फांदी पडली तर मोठे पक्षी उडून जातील, पिलं जमिनीवर आपटतील. २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी झाड पाडलं तेव्हा हेच घडलं. तो व्हिडिओही अशाच ग्रुपांवर फिरला होता. घरटी आणि अंडी मोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

राहिली विष्ठा. पाणकावळ्यांच्या मोठ्या वसाहतीखाली वर्षानुवर्षांनी झाडं वाळतात, हे खरं. वासही असह्य असतो. खाली गाडी लावणाऱ्याची चीड मला कळते. पण तमिळनाडूतल्या वेदान्तंगळच्या शेतकऱ्यांना तळ्याचं विष्ठामिश्रित पाणी खत म्हणून हवंच होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोरे शिपाई पक्षी मारू लागले, तेव्हा त्यांनी कलेक्टरकडे दाद मागून संरक्षण मिळवलं. सोसायटीला तेवढं प्रेम नसलं तरी चालेल. हंगामात गाड्या दुसरीकडे लावा. छाटणी करायचीच असेल तर शेवटचं पिल्लू उडाल्यावर, हिवाळ्यात, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन करा.