उजवा मेंदू, डावा मेंदू आणि भूमितीचा पेपर

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "सर, मना पोऱ्या राईट ब्रेन शे. त्याले गणित का जमत नही, ते आते माले समजनं." आवाजात सुटका झाल्यासारखा आनंद होता. पाठोपाठ त्यांनी ज्या मेसेजवरून हे समजलं तोही पाठवला. तोवर आमच्या सेवानिवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला होता.

मेसेज थोडक्यात असा: डावा मेंदू गणित, तर्क आणि हिशोबाचा, उजवा चित्र, संगीत आणि कल्पनेचा. प्रत्येक माणूस यांपैकी एका बाजूचा जन्माला येतो. शाळा फक्त डाव्या मेंदूसाठी बनलेली आहे, म्हणून उजव्या मेंदूची गुणी मुलं ढ ठरतात. त्यांच्यावर गणित लादू नका. कंपन्यांनीही माणूस घेताना आधी बाजू तपासावी. खाली गिरक्या घेणाऱ्या नर्तकीचा व्हिडिओ, ती कुठल्या दिशेला फिरताना दिसते त्यावरून म्हणे तुमची बाजू कळते, आणि त्याखाली एका शिबिराचा मोबाइल नंबर.

मी चाळीसगाव-पाचोऱ्याकडे तीसेक वर्षं चित्रकला शिकवली. म्हणजे मेसेज माझ्याच बाजूचा. खरं सांगायचं तर एका स्नेहसंमेलनात मी स्वतः फळ्यावर मेंदू काढून एका अर्ध्यात आकडे आणि दुसऱ्या अर्ध्यात रंग भरले होते. टाळ्याही मिळाल्या होत्या. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

हे अगदीच हवेतून आलेलं नाही. बहुतेक माणसांची बोलण्याची यंत्रणा डाव्या अर्ध्यात असते, हे पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरच्या १८६१ पासूनच्या निरीक्षणांतून पुढे आलं. मग १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी आणि मायकेल गाझानिगा यांनी काही अपस्माराच्या रुग्णांवर प्रयोग केले. झटके आवरावेत म्हणून या रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धे जोडणारी मज्जातंतूंची जाड जुडी कापलेली होती. नजरेच्या फक्त डाव्या बाजूला वस्तू दाखवली की रुग्ण म्हणायचा, काही दिसलं नाही. पण त्याचा डावा हात पडद्यामागून तीच वस्तू बरोबर उचलायचा. कारण डावीकडचं दृश्य आणि डावा हात उजव्या अर्ध्याकडे, बोलणं मात्र डाव्या अर्ध्याकडे. स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. फक्त एक लक्षात घ्या: त्या रुग्णांची जुडी कापलेली होती. तुमच्या मुलाची शाबूत आहे. तीत वीस कोटींच्या आसपास तंतू असतात आणि दोन्ही अर्ध्यांचं बोलणं अखंड चालू असतं.

मग "प्रत्येक माणूस एका बाजूचा" हे कुठून आलं? कामांची वाटणी आहे, त्यावरून माणसांची वाटणी कुणीतरी करून टाकली. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला जास्त होतात हे दिसलं, पण एखाद्या माणसाचा अख्खा मेंदूच डावा किंवा उजवा चालतो, असं आढळलं नाही.

माझ्या विषयाचंच बघा. पक्षाघातात मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना घर काढायला सांगितलं, तर दार, खिडकी, कौलं सगळं येतं, पण सुटंसुटं, आणि कागदाची डावी बाजू कित्येकदा कोरीच राहते. इजा डाव्या भागाला असेल तर बाह्यरेषा ठीक असते, आतला तपशील गळतो. एक साधं घर काढायला दोन्ही अर्धे लागतात. गणितातही नेमकी बेरीज भाषेला, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या बाजूला, धरून चालते, तर अंदाजे कुठला ढीग मोठा हे सांगताना दोन्ही बाजू कामाला लागतात.

नर्तकीवर फार शाई खर्च करत नाही. ती नुसती काळी सावली आहे, पुढचं-मागचं कळायची खूणच त्यात नाही, त्यामुळे डोळा मनाने एक दिशा धरतो. नोबुयुकी कायाहारा या जपानी डिझायनरने २००३ साली केलेली ती एक गंमत आहे, मेंदूची चाचणी नव्हे. डावखुरा म्हणजे उजव्या मेंदूचा, हेही तसंच. डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांची भाषासुद्धा डाव्याच अर्ध्यात असते.

"कल्पना असलेल्यांवर गणित लादू नका" हे वाक्य मात्र मला झोंबलं. पाटणादेवी आमच्या चाळीसगावपासून जवळ. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे, आणि त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने मठ काढल्याची नोंदही. या माणसाने अंकगणित लिहिलं ते श्लोकांत. फुलांवर विखुरलेले भुंगे किती ते सांगा, वाऱ्याने कललेलं कमळ इतक्या अंतरावर बुडालं तर पाणी किती खोल, खांबावरचा मोर बिळाकडे निघालेल्या सापाला कुठे गाठेल. याला कुठल्या मेंदूत बसवणार?

इतकं लांब जायलाही नको. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांना विचारा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या बरोबरीने भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतो. गणिताला भिऊन चित्रकलेत आलेली माझी कितीतरी पोरं तिथेच अडकली. कंपास नीट न धरणाऱ्या मुलाला "तू कलाकार आहेस, जाऊ दे" म्हणणं हा लाड नाही, त्याच्या कलेचंच नुकसान आहे. आणि उलट बाजूचं कुणी बोलतच नाही: "डाव्या मेंदूचा" म्हणून पहिल्या नंबरच्या पोराला चित्रकलेच्या तासाला गणिताचा सराव करायला बसवतात, त्याच्या हातून कोणी काय हिरावलं?

शाळेबद्दलची तक्रार मला मान्य आहे. कारण मान्य नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, नेमायची तरतूद २००९ पासून लिहिलेली आहे. तुमच्या गावच्या शाळेत तो आहे का, एवढं बघून या. दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडचे ७, बीचे ५, सीचे ३ गुण वाढीव मिळतात, त्यामुळे परीक्षेचा फॉर्म भरायला रांग लागते आणि वर्षभर तासाला रंगपेटीसुद्धा कोणी आणत नाही. हे मेंदूच्या रचनेमुळे होत नाही. वेळापत्रक माणसं करतात.

नोकरीचंही तेच. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया बनतात, तिथे माझा एक विद्यार्थी डिझाइन करतो. चटईवरचा मोर म्हणजे आधी चौकटींचा कागद. कुठल्या ओळीत कुठला रंग किती घरं जाणार, हे मोजावं लागतं. एक घर चुकलं की मोराची मान मोडते. तो म्हणतो, मालकाला हिशोबवाला हवा असतो तेव्हा मी हिशोबवाला, गिऱ्हाईक आलं की कलाकार. पगार मात्र ऑपरेटरपेक्षा थोडाच जास्त, कारण डिझाइन हे मालकाच्या मते "बसल्या बसल्या" होतं. कल्पक माणसाची कदर करायची असेल तर त्या पगारापासून सुरुवात करा, त्याची बाजू तपासून काय होणार?

राहिला तळाचा मोबाइल नंबर. शिबिरात म्हणे मधला मेंदू जागा करून दोन्ही बाजू जोडतात, मग मूल डोळ्यांना पट्टी बांधून वाचतं. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली, आवाजाकडे मान वळणं अशी कामं पाहतो; दोन बाजू जोडणारी जुडी वेगळी आहे आणि ती जोडलेलीच आहे. पट्टी बांधली तरी नाकाशेजारी फट राहते आणि तिथून खाली धरलेलं पान दिसतं. प्रात्यक्षिकाला गेलात तर आधी पोराच्या दोन्ही डोळ्यांवर कणकेचे गोळे बसवा, पट्टी वरून बांधा आणि पान कपाळासमोर धरा.

त्या वडिलांना मी एवढंच विचारलं, की पोऱ्याचं गणित नेमकं कुठे अडतं. त्यांना माहीत नव्हतं. रविवारी त्याला कंपासपेटी घेऊन पाठवा म्हटलं.