‘सगळं जळालं’ म्हणे!

‘अमेरिकेतल्या शेतकऱ्याला स्वतःचा पणजोबा सांगता येत नाही’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. त्यात चार मुद्दे आहेत. 1890 ची जनगणना जळाली, म्हणून पुरावाच उरला नाही. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणी नाक्यावर, कारकुनांनी सगळ्यांची आडनावं बदलली. सरकारने प्रत्येकाला 160 एकर फुकट दिले आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिले. आणि कागदावर सगळ्यांचा धंदा ‘शेतकरी’, तर शोधायचं काय? शेवटी अर्थातच, आपल्याकडे त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीत सात पिढ्या मिळतात, वगैरे.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात राहणारी माझी भाची सासरची वंशावळ लावत होती. हे वाचून तिने कळवलं, “मामा, राहू दे आता, सगळं जळालंय म्हणे.” म्हणून हा खटाटोप.

आग खरी आहे. 10 जानेवारी 1921 ला वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीत ती लागली. 1890 च्या नोंदी आगीने आणि विझवायच्या पाण्याने नासल्या आणि उरलेल्या पुढे सरकारनेच निकालात काढल्या. सहा हजारांच्या आसपास नावं वाचली. एवढं मान्य. पण 1850 पासून दर दहा वर्षांनी नावानिशी जनगणना होत आली आणि 1880 व 1900 च्या याद्या आजही वाचता येतात. मधली वीस वर्षं? आयोवाने 1885 आणि 1895 साली स्वतःची वेगळी मोजणी केली होती! 1885 च्या नोंदीत कुटुंब कुठल्या टाउनशिपात, त्यातल्या कुठल्या सेक्शनात (साधारण एक चौरस मैलाच्या तुकड्यात) आहे ते मिळतं आणि माणूस आयोवातच जन्मला असेल तर कुठल्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) तेही. कॅन्ससच्या त्याच वर्षीच्या मोजणीत तर ‘इथे कुठून आलात’ असा सरळ रकानाच आहे. आणि काहीच नसलं तरी मुलांची जन्मस्थळं बघा. थोरला ओहायोत, मधली इलिनॉयमध्ये, धाकटा आयोवात जन्मलेला असेल तर बिऱ्हाड कसकसं सरकत गेलं ते एका रकान्यात वरून खाली वाचता येतं.

खरा वैताग आला तो ‘सगळे नुसते शेतकरी’ या वाक्याचा. 1870 च्या गणकांना लेखी सूचना होती की शेतकरी आणि शेतमजूर यांच्यात विशेष काटेकोरपणे फरक करा. 1880 साली शेतीची वेगळी यादी झाली. तिच्यात जमीन मालकीची, ठरावीक रोख खंडाची की वाट्याची, याचे तीन वेगळे रकाने आहेत. पुढे एकर, गायी, डुकरं, मका, वर्षभरात काढलेलं लोणी किती पौंड, सगळं. 1900 च्या जनगणनेत तर शेत किंवा घर स्वतःचं की भाड्याचं आणि स्वतःचं असेल तर गहाण आहे का, हेही विचारलंय. बापाच्या शेतात राबणारा मुलगा, वाट्याने कसणारा जावई आणि बोजा डोक्यावर घेतलेला मालक या तिघांना एका शब्दात कोंबणाऱ्याने यातली एकही यादी उघडलेली नाही, हे मी पैजेवर सांगतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. बायकांचं काम या कागदांत गडप आहे. लोणी घुसळायची ती, पण पौंड नवऱ्याच्या नावापुढे आणि तिच्या नावापुढे ‘घर सांभाळते’. फॉरवर्डवाल्याला हे सुचलंच नाही, ते सोडा.

आडनावांचं थोडक्यात. एलिस बेट 1892 ला उघडलं. तोवर आयोवात जर्मन आणि नॉर्वेजियन लोकांच्या वस्त्या केव्हाच वसल्या होत्या. शिवाय तिथला कारकून नावं तपासायचा ती जहाजाबरोबर आलेल्या यादीवरून. नाव बदललं ते बहुतेकांनी नंतर, स्वतःच्या सोयीने.

फुकट जमिनीचा कायदा 1862 चा. त्यातही फी भरायची, पाच वर्षं राहून कसायचं, मग मालकी. इलिनॉय आणि आयोवातली बरीचशी जमीन त्याआधीच विकली गेली होती, त्यातली पुष्कळशी एकरी सव्वा डॉलरने. आणि ‘रिकामी पडलेली जमीन’ म्हणणाऱ्यांनी आयोवातली टामा काउंटी बघावी. तिथल्या मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांना स्वतःच्याच मुलखातली जमीन 1857 मध्ये पैसे मोजून विकत घ्यावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहण्याचं म्हणाल तर आयोवात खंडाचं वर्ष 1 मार्चला सुरू होतं. करार संपला की त्याच सुमाराला कुळं सामान गाडीत भरून दुसऱ्या शेतावर जायची.

त्र्यंबकच्या वह्या मोलाच्याच, वाद नाही. पण त्यात नावं आणि गावं मिळतात. पणजोबा कुळ होते की मालक, यासाठी आपल्यालाही फेरफारच काढावे लागतात. तिकडे तेच काम काउंटी रेकॉर्डरकडचे (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडचे) दस्त करतात, कोणी कोणाला कधी विकली त्याच्या सूचीसकट. भाचीला सांगितलंय, आधी 1885 ची नोंद काढ आणि सेक्शन नंबर हातात आला की तो घेऊन दस्तांकडे जा.