फाउंटन ग्रास लावताय? आधी वाळ्याचा विचार करा

बागेतल्या शोभेच्या गवतांवरच्या लेखातले फोटो छान आहेत, पण कुंपणालगत फाउंटन ग्रास लावा हा त्यातला सल्ला सरसकट पटला नाही. हे गवत मूळचं उत्तर आफ्रिकेकडचं. हवाईत ते माळरानावर इतकं पसरलं की वणव्यांना आयतं जळण मिळालं, आणि युरोपीय संघाने 2017 साली त्याला उपद्रवी वनस्पतींच्या यादीत टाकलं. जांभळ्या पानांच्या जातीत बी सहसा धरत नाही, तीच घेतली तर गोष्ट वेगळी. मी नर्सरीतून 'जांभळं' म्हणून आणलेलं निघालं हिरवं! दुसऱ्या पावसाळ्यात फरशीच्या फटींतूनही रोपं वर आली.

शेवटी सगळं उपटून तिथे वाळा लावला. कमरेच्या वर जातो, वाऱ्यावर डुलतो, आणि मुळं आडवी न पसरता सरळ खोल उतरतात, त्यामुळे उताराची माती धरून ठेवतो. ऊन मात्र भरपूर हवं, सावलीत तो लोळतो. जूनमध्ये जुना ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे हातभर अंतरावर लावायचे. उन्हाळा सरता सरता पानं वीतभर ठेवून छाटली की पहिल्या पावसात नवी पालवी येते. काढलेली थोडी मुळं धुऊन माठात टाका, हा फायदा लेखात आलाच नाही.

कुंडीच हवी असेल तर गवती चहा. फक्त पायवाटेला लागून नको, पानांच्या कडा पोटऱ्यांना चरचरीत कापतात.